कोणाच्या हातचं

आमच्या घरातला फ्रिज उघडताना जरा जपून उघडावा लागतो. लोण्याच्या डब्यात लोणी असेलच असं नाही. एकदा मी नाश्त्याला चीज काढायला गेले आणि त्याच्यामागच्या डब्यातून टिकटिक ऐकू आली. उघडून पाहते तो काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं आमच्या वकिलांचं सोन्याचं घड्याळ, ओल्या मुळ्यांशेजारी गारठून बसलेलं. त्या घड्याळाच्या किमतीत तळ्याकाठी लहानसं घर आलं असतं. मी वहिनीला हाक मारली, तर ती वरूनच म्हणाली, "हात लावू नकोस, त्याला अजून चार तास थंडी वाजायची आहे."

ही माझी वहिनी यॉलांद. माझ्या थोरल्या भावाची, एमेची, बायको. आमच्या खोऱ्यातल्या कारखान्यात तिने चाळीस वर्षं घड्याळांचं नियमन केलं. म्हणजे घड्याळाच्या पोटात जे तोलचक्र मागेपुढे डोलत असतं, त्याची आणि त्याच्या केसाएवढ्या स्प्रिंगची अशी समजूत घालायची, की घड्याळ कसंही ठेवलं, उन्हात की थंडीत, तरी त्याने एकाच चालीने चालावं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वळण लावल्यावर माणसाचं जे होतं ते तिचं झालेलं आहे. भाऊ बिचारा बायकोसमोर कधी वाकडा बसला नाही.

आणि मी ल्युसेत, तिची नणंद. मी तेवढीच वर्षं जिनिव्हातल्या एका बड्या दुकानात पांढरे हातमोजे घालून मोंतेर्वाल कंपनीची घड्याळं विकण्यात घालवली. तिथे आम्हाला शिकवलं होतं की घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात एकदम द्यायचं नाही. आधी मखमलीचं तबक, मग पाण्याचा पेला, मग गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याचेच अर्धे पैसे असत. मी नाव विकत होते, हे मी नाकारत नाही. चांगल्या नावाला किंमत असते. माणूस लग्नात, बाळंतपणात, बढतीत स्वतःला काहीतरी मोठं देऊ पाहतो, आणि तेव्हा त्याला तोलचक्र नको असतं, नाव हवं असतं. वहिनीला हे बारा वर्षं समजावते आहे. निवृत्त होऊन मी या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, दोन वर्षांत भाऊ गेला, आणि एका चुलीवर नणंद-भावजय उरलो. ती मला जिनिव्हाबाई म्हणते. अजून कोणी कोणाला तळ्यात ढकललेलं नाही.

निवृत्तीनंतर बायका विणकाम करतात. वहिनीने घड्याळांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं टिकटिक ऐकणारं जुनं यंत्र तिने हातगाडीवर घालून घरी आणलं. ते कागदाच्या पट्टीवर ठिपके काढतं, आणि ठिपक्यांची रांग वर चढली की घड्याळ पुढे पळतंय, खाली उतरली की मागे पडतंय. आता कोणाला नवं घड्याळ घ्यायचं असो, की मेहुण्याने मिरवलेल्या घड्याळाची जिरवायची असो, लोक आमच्या स्वयंपाकघरात येतात. वहिनी घड्याळाकडे बघतसुद्धा नाही. डोळे मिटून हातात घेते आणि आधी त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळते, नुसती चावी तेवढी बाहेर. पट्टा काढून मालकाला परत. मग पट्टीवर एक नंबर. नाव झाकल्याशिवाय ती घड्याळाशी बोलत नाही.

मग त्याचा सहा दिवसांचा छळ. एक दिवस उताणं, एक दिवस पालथं, एक दिवस उभं, एक दिवस डोक्यावर, मग डाव्या कुशीवर आणि उजव्या कुशीवर. शिवाय चार-सहा तास फ्रिजमध्ये आणि तेवढेच चुलीवरच्या फळीवर. शेवटी घड्याळाचं प्रगतिपुस्तक. हा शब्द माझा. ती त्याला निकाल म्हणते. त्यात चाल कशी, चावी देताना हाताला कसं लागतं, पन्नास वर्षांनी एखाद्या साध्या कारागिराला ते उघडून दुरुस्त करता येईल का, असं सगळं असतं. किंमत नसते. किंमत सांगू लागलेल्या माणसाला ती बटाटे सोलायला बसवते.

वकीलसाहेबांचीच गोष्ट घ्या. देक्रोझा यांनी त्या घड्याळासाठी सहा वर्षं यादीत नाव लावून वाट पाहिली होती, आणि ते घड्याळापेक्षा त्या सहा वर्षांबद्दलच जास्त बोलत. निकाल देताना वहिनी त्यांना म्हणाली, "चांगलं आहे. फक्त दिवसाला नऊ सेकंद पुढे पळतंय. तुमची सहा वर्षं भरून काढायला निघालंय वाटतं." वकील दोन महिने आमच्या दारावरून गेले नाहीत. मग एके दिवशी गुपचूप आले आणि ते घड्याळ सरळ करून घेऊन गेले.

त्या निकालाच्या तळाशी एक ओळ असते: कोणाच्या हातचं. ती ओळ म्हणजे वहिनीचं जुनं दुखणं. पूर्वी दर वर्षी वेधशाळेत घड्याळांची स्पर्धा व्हायची. तिच्या हातचं एक घड्याळ एका वर्षी दुसरं आलं. प्रशस्तिपत्रावर कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, खाली लहान अक्षरांत मुकादमाचं. मुकादमाने त्या घड्याळाला जन्मात हात लावला नव्हता. वहिनीला चॉकलेटचा एक डबा मिळाला. चॉकलेट तिने सगळं खाल्लं, पण राग काही पचला नाही. भाजी कोणाच्या हातची हे आपण विचारतो, लोणचं कोणाच्या हातचं हे विचारतो, मग घड्याळ कोणाच्या हातचं हे का विचारायचं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून ती ओळ ती प्रत्येक निकालात घालते. आणि वीस वर्षांत प्रत्येक वेळी तिच्यापुढे एकच उत्तर लिहिते: माहीत नाही. कारण कोणाला माहीतच नसतं.

आता माझ्या घड्याळाकडे वळते. माझ्याकडे एक मोंतेर्वाल आहे. दुकानात दहा वर्षं झाली तेव्हा मालकांनी दिलेलं, मागे माझं नाव कोरलेलं. ते मी वहिनीला कधी तपासू दिलं नाही. तिने मागितलं की मी म्हणायचे, राजघराण्यातली माणसं सरकारी दवाखान्यात जात नसतात. खरं सांगायचं तर भीती होती. घड्याळ वाईट निघालं तर मी इतकी वर्षं गप्प बसून काय विकलं, हा प्रश्न आला असता. त्यात आमचा आणखी एक वाद होता. वहिनीचं म्हणणं होतं की मोंतेर्वालवाले घड्याळाचं पोट आमच्या खोऱ्यातून नेत आणि जिनिव्हात त्याला नुसतं सोन्याचं अंगडं चढवत. मी तिला दर वेळी खोटं ठरवायचे. आम्हाला दुकानात सांगितलं होतं, सगळं जिनिव्हातच होतं, आणि मी तेच हजारो लोकांना सांगितलं होतं.

गेल्या शरदात अग्निशमन दलाला दीडशे वर्षं झाली. दलाचा प्रमुख गास्पार. एरवी तो नळदुरुस्ती करतो, आणि आमच्या खोऱ्यात आगीपेक्षा नळच जास्त वेळा पेटतात. त्याने ठरवलं की समारंभाला भाषणं नकोत, झाकलेल्या घड्याळांची स्पर्धा ठेवायची. पाच घड्याळं, पाच घरांची, परीक्षक यॉलांदबाई. निकाल रविवारी भोजनानंतर दलाच्या सभागृहात. चार जमली: त्याचं स्वतःचं, वकिलांचं, खाटकाचं आणि बेकरीवालीचं. पाचवं मिळेना, कारण ज्यांच्याकडे भारी घड्याळं होती त्या सगळ्यांना एकदम खोकला झाला.

माझी बुद्धी फिरली म्हणा. मी गास्पारच्या हातात माझं मोंतेर्वाल ठेवलं, त्याच्याकडूनच चिकटपट्टी गुंडाळून घेतली आणि त्याला चर्चची शपथ घातली. वहिनीला सांगितलं, माझं घड्याळ साफसफाईला जिनिव्हाला पाठवलंय. मला वाटत होतं, पहिला नंबर येईल. पट्टी काढल्यावर तिचं तोंड कसं होईल ते मी मनात रंगवत होते. म्हातारपणी माणसाला फार थोड्या गोष्टींची हाव उरते, त्यातली ही एक.

नऊ दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे वसतिगृह झालं होतं. पाच काळी गाठोडी कधी खिडकीत, कधी फळीवर, कधी लोण्याच्या डब्यात. मी येताजाता सहज विचारल्यासारखं विचारायचे, आणि वहिनी तोंड उघडायची नाही. फक्त सहाव्या दिवशी, चार नंबरच्या घड्याळाची कागदी पट्टी पाहून तिने नाक वर केलं. चार नंबर म्हणजे माझं.

"हे कोणी केलंय कोण जाणे," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर टाकलं की दिवसाला एकतीस सेकंद मागे. एकाच कुशीवर. जेवणाच्या घंटेकडे कान लावून काम केलं की असं होतं."

मी कांदा चिरत होते, म्हणून डोळ्यांतलं पाणी खपून गेलं.

शनिवारी सकाळी नंबर ठरले. पहिलं तीन नंबरचं, शेवटचं चार नंबरचं. वहिनीची पद्धत अशी की शेवटचा नंबर आलेल्या घड्याळाला ती उघडून बघते. नापास मुलाला नुसतं नापास म्हणून चालत नाही, का नापास झाला तेही सांगावं लागतं. तिने डोळ्याला भिंग लावलं आणि पट्टी सोडवली. आधी सोनं दिसलं, मग मोंतेर्वाल हे नाव, मग मागे कोरलेलं ल्युसेत. मी खुर्चीत बसून होते. पळून जायला वरचा मजलाच होता, आणि तिथेही ती आली असती.

वहिनी हसली नाही, ती डोलली. तोलचक्रासारखी मागेपुढे. मग तिला बोलायला जमलं तेव्हा ती म्हणाली, "राजघराणं शेवटी सरकारी दवाखान्यात आलं तर." मला वाटलं होतं त्याहून हे बरंच सौम्य होतं. मी म्हटलं, दर पाच वर्षांनी दुकानातून साफ होऊन येतं, चाल चुकेल कशी? ती म्हणाली, "साफ करणारा तेल बदलतो. चाकाचा तोल कोण बघतो?" आणि मागचं झाकण काढून आत गेली.

मी चहा केला, तो निवला. तिने तोलचक्रावरची धातूची पट्टी सोडवून चिमट्याने उलटी केली होती आणि ती भिंगाखाली धरून ठेवली होती. मग तिने भिंग काढून माझ्या हातात दिलं. पट्टीच्या पोटाला, सुईने ओरखडल्यासारखं, गलोलीच्या आकाराचं एक अक्षर, रोमन वाय, होतं. शेजारी महिना आणि साल. नोव्हेंबर चौऱ्याहत्तर.

"हे माझं," वहिनी म्हणाली. "आम्हाला खूण करायची बंदी होती. मी चोरून करायची. कधीतरी कोणीतरी उघडेल, बघेल, म्हणून."

म्हणजे आमचा बारा वर्षांचा वाद ती जिंकली होती. मोंतेर्वालचं पोट आमच्याच खोऱ्यातलं होतं, आणि मी पांढरे हातमोजे घालून माझ्याच भावजयीच्या हातचं विकत होते. एरवी हा विजय तिने नाताळपर्यंत रोज जेवताना मला ऐकवला असता. पण ती नुसती कागदी पट्टीवरच्या उतरत्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

मला तिची कीव आली, आणि ती आल्याचा मला रागही आला. मी तिला सबबी पुरवू लागले. थंडी असेल, दिवस लवकर मावळतो. ताप असेल. तेव्हा तुझं एमेशी नुकतंच जमलं होतं, लक्ष नसेल. ती प्रत्येक सबबीला मान हलवत राहिली.

"मला काही आठवतच नाही गं," ती म्हणाली. "तो कुठलाच खास दिवस नव्हता. मी बसले, केलं, खूण केली, पुढचं घेतलं. चांगलं झालंय असंच मला वाटलं असणार. नाहीतर खूण केली नसती."

मग मी ते बोलले जे बोलायला नको होतं. म्हटलं, हे फक्त आपल्या दोघींनाच माहीत आहे. तळाच्या ओळीत लिही, माहीत नाही. वीस वर्षं तेच लिहितेस. उद्या सगळं खोरं तिथे असणार. तुझ्या हातचं म्हणून तुझं नाव जन्मात पहिल्यांदा वाचलं जायचं, ते शेवटच्या नंबराला? ती उठली, बटाटे आणि लीकची पात चिरून शिजायला टाकले, वर सॉसेज ठेवलं, आणि आम्ही पाऊस, गाई आणि पाद्रीबाईंचा नवा कुत्रा यांच्याबद्दल बोलत जेवलो. दुपारी तिने निकाल लिहिले आणि पाकिटात घालून जिभेने चिकटवले. मला दाखवले नाहीत.

रविवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. पांढरी वाइन झाली, चीज झालं, गास्पारने गणवेशाची वरची गुंडी सोडली आणि वहिनीला मंचावर बोलावलं. तिने चष्मा लावला. पहिल्या नंबराला गास्पारचंच घड्याळ निघालं. बापाकडून आलेलं, पोलादी, काचेला चरा पडलेलं, आणि त्यावरचं नाव आज कोणाला वाचता येत नाही इतकं झिजलेलं. सहाही बाजूंनी तीन सेकंदांच्या आत. कोणाच्या हातचं: माहीत नाही. गास्पार असा लाजला की त्याला बंबाचं पाणी मारावं. दुसरं खाटकाचं, माहीत नाही. तिसरं वकिलांचं, सरळ करून घेतल्याचा फायदा झाला होता, पण करणारा मूळचा कोण ते माहीत नाही. चौथं बेकरीवालीचं, माहीत नाही. एव्हाना लोकही तिच्याबरोबर म्हणायला लागले होते, प्रार्थनेला आमेन म्हणावं तसे.

"पाचवं," वहिनी वाचू लागली. "मोंतेर्वाल. चावी उत्तम. दुरुस्तीला सोपं. डाव्या कुशीवर दिवसाला एकतीस सेकंद मागे, आणि हा दोष तेलाचा नाही, नियमनाचा आहे." ती थांबली. लोकांनी माहीत नाही म्हणायला तोंडं उघडली होती. "कोणाच्या हातचं," ती म्हणाली, आणि डॉक्टरकडे रोग सांगताना माणूस बोलतो तितक्या बारीक आवाजात पुढे वाचलं, "यॉलांद रोशा."

आता गंमत अशी की आमच्या खोऱ्यात यॉलांद रोशा एकूण तीन आहेत. इथे निम्म्या टपालपेट्यांवर रोशा लिहिलेलं असतं आणि त्या काळात मुलींची नावं ठेवताना कोणी फार डोकं चालवत नसे. एक यॉलांद रोशा शेजारच्या गावात मेंढ्या पाळते. दुसरी बेकरीवालीची आत्या, ती कारखान्यातच कामाला होती आणि तिच्या कामाबद्दल लोक पूर्वीपासून हसायचे. सगळं सभागृह त्या आत्याकडे वळलं. ती बिचारी नव्वदीची, कानाने बहिरी, सगळ्यांकडे पाहून गोड हसली. कोणीतरी म्हणालंही, हिच्याच हातचं असणार.

वहिनी मंचावर उभी होती. तिने नाव वाचलं होतं, खोटं बोलली नव्हती. कागद घडी घालून खिशात टाकला असता तरी कोणी विचारलं नसतं, आणि तिचा हात घडी घालायला लागला होता. मी ते पाहिलं. मला काय झालं कोण जाणे. दुकानात एवढी वर्षं मी एकदाही आवाज चढवला नव्हता.

"कोणती यॉलांद?" मी ओरडले.

भावजयीची फजिती करायला नणंद उठली, असंच सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर पुढे काही दिवस पावाच्या रांगेत मला तेच ऐकावं लागलं. वहिनीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग तिने कागद पुन्हा उघडला, जरी आता त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एमेची यॉलांद," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज मागच्या खिडकीपर्यंत गेला. "खिडकीपाशी तिसऱ्या टेबलावर बसायची ती. मी. हे माझ्या हातचं आहे."

कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. शेवटच्या नंबराला टाळ्या कशा वाजवायच्या? मग गास्पार उभा राहिला, त्याच्यामागे दलातली माणसं उभी राहिली, कारण प्रमुख उठला की त्यांना उठावंच लागतं, आणि हळूहळू सगळेच उभे राहिले. बहिरी आत्यासुद्धा. मी रडत होते आणि या वेळी जवळ कांदा नव्हता. मी आयुष्यभर नावं विकली, पण कोणी आपलं नाव असं, चुकीसकट, पदरात घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी जाताना वाटेत चढ लागला. मग ती म्हणाली, उद्या घड्याळ दे, तोल नीट करते. मी म्हटलं, नाही म्हटलं तरी तू थोडीच ऐकणार आहेस. पुन्हा थोडं अंतर गेलं.

"एवढं ओरडायची काय गरज होती?" तिने विचारलं.

"मला नीट ऐकू आलं नव्हतं," मी म्हणाले.

"तू पहिल्या रांगेत बसली होतीस, ल्युसेत," वहिनी म्हणाली, आणि माझा दंड धरून उरलेला चढ चढू लागली.